प्रांजलचं कुलूप आणि आबांची मिशी

अख्ख्या न्हावऱ्यात माझ्याइतकी सावध आई नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायला पुढे येत नाही! प्रांजलला बोर द्यायचं तर आधी बी मी काढते. इनामगावात नदीकाठी साप निघाला असं नुसतं ऐकलं, तरी इथे आमच्या घरात चपला झटकल्या जातात. ती दुसरीत गेली तेव्हा तिच्या दप्तरावर तीन ठिकाणी माझा मोबाईल नंबर लिहिला. चौथा तिच्या दंडावर लिहायला गेले, तेव्हा नवनाथ, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "अगं दीक्षा, पोरगी हाय ती, पार्सल न्हाई!"

अशा आईला शाळेतल्या पालकसभेत सांगितलं गेलं की, मुलं व्हिडिओच्या अ‍ॅपवर वाट्टेल ते बघतात! मी बाकावर बसल्या बसल्याच गार पडले. आमच्या टीव्हीत तेच अ‍ॅप होतं. एका बटणापलीकडे मुडदे, बंदुका, भुतं आणि ज्याचं नाव मी इथे लिहिणार नाही तेही. आणि त्या बटणावर बोट कोणाचं? सात वर्षांच्या माझ्या लेकीचं!

त्याच संध्याकाळी कामाला लागले. बी. कॉम. झालेय, चौकातल्या ई-सेवा केंद्रात दुपारी दोन ते पाच कॉम्प्युटरवर बसते, निम्म्या गावाचे दाखले माझ्या बोटांखालून जातात. मला काय अवघड? प्रांजलसाठी वेगळं खातं उघडलं. त्यावर हत्तीच्या पिल्लाचं चित्र. आत फक्त गाणी, गोष्टी आणि गाजर कसं उगवतं याची माहिती. मोठ्यांच्या खात्याला चार आकड्यांचं कुलूप ठोकलं. आकडा असा निवडला की मला झोपेतून उठवून विचारला तरी बिनचूक सांगेन. आणि कोणालाही सांगितला नाही. ह्यांनाही नाही!

"म्हंजी आता मालिका बघायची तरी तुला इचारायचं व्हय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव पार्वतीबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"मी पाच वाजता येते ना आत्याबाई, आल्यावर लावून देत जाईन."

"पाचाला दूध काढायचं असतंय," त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या. आत्याबाई गप्प झाल्या की मी जिंकले असं समजते. ही माझी जुनी चूक.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी तिथेच पाच मिनिटं मागून घेतली आणि बायकांसमोर भाषणही ठोकलं! म्हटलं, "आपला नंबर म्हणजे घराची किल्ली. तो कोणालाही सांगायचा नाही. सख्ख्या माणसालाही नाही!"

पुढे बसलेल्या शेवंताबाई म्हणाल्या, "आपल्यात कोण कुणाला नंबर इचारतंय बाई? ठावंच असतोय."

मी त्यांच्या भाबडेपणावर हसले. मनातल्या मनात, पण हसले!

आमचा टीव्ही आता किल्ला झाला होता. किल्लेदार मी.

बुधवारी प्रांजल म्हणाली, "आई, बाथरूमला तू पण चल."

आमचं बाथरूम परसात, गोठ्याच्या पलीकडे. इतके दिवस ही पोरगी तिथे लंगडी घालत जायची. आता मी दाराबाहेर उभी, आणि ती आतून दर दोन सेकंदांनी, "आई, आहेस का? आई, बोलत राहा! आई, पाढे म्हण!" मी सतराचा पाढा म्हटला. चुकला. तिला पर्वा नव्हती.

गुरुवारी ती पाय पोटाशी घेऊन झोपली. म्हणाली, "पाय बाहेर ठेवले की ओढतात."

"कोण ओढतं?"

"कोणी नाही."

शुक्रवारी दप्तर आवरताना तिची चित्रकलेची वही उघडली. पहिल्या पानावर झेंडा. दुसऱ्यावर मोर. तिसऱ्यावर एक बाई. तिला तोंडच नव्हतं! नुसते केस. काळ्या खडूने असे गिरगटलेले की कागद फाटला होता. खाली एक गोल, विहिरीसारखा, आणि त्यातून वर आलेला हात.

माझ्या हातातून वही पडली.

"प्रांजल, ही कोण?"

"बाई."

"शाळेतल्या बाई?"

"नाही." आणि दूध तसंच ठेवून ती आजीच्या पदराआड गेली.

आता मी काय काय मनात आणलं ते विचारू नका! शाळेच्या वाटेवर कोणी भेटलं का? कोणी काही दाखवलं का? कोणी हात लावला का? केंद्रात त्या दिवशी मी एका म्हाताऱ्याच्या वयाच्या दाखल्यावर 'सात वर्षे' टाकलं. आजोबा खूश झाले, मी मात्र रडकुंडीला!

घरी येऊन, शेवटचा उपाय म्हणून, टीव्हीवरची 'पाहिलेले कार्यक्रम' ही यादी उघडली. हत्तीच्या खात्यात गाजरं. ठीक. मोठ्यांच्या खात्याचं कुलूप उघडलं, आणि...

आत्याबाईंच्या मालिकांच्या गर्दीत 'विहिरीतली सून'. प्रौढांसाठी. भाग पहिला, सोमवार, दुपारी तीन पन्नास. भाग दुसरा, मंगळवार. भाग तिसरा, पुन्हा मंगळवार! शेजारी चित्र. केस. विहीर. हात.

माझा किल्ला फुटला होता! तोही दिवसाढवळ्या, तीन पन्नासला, मी शंभर पावलांवर कॉम्प्युटरवर बसलेली असताना!

पण फोडला कोणी? नंबर तर माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता.

प्रांजलला दरडावून विचारलं, "तू टीव्हीला हात लावलास? खरं सांग!" तिने नुसती मान हलवली. आडवी की उभी, तेही कळेना. डोळे मात्र त्या चित्रातल्या विहिरीएवढे.

आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कवा टीव्ही बघितला? दुपारची मी डोळं मिटून पडलेली असती." नंतर कळलं की हे वाक्य अक्षरशः खरं होतं.

ह्यांना फोन लावला. हे रांजणगावच्या एका कंपनीत, दिवसपाळीवरून सुटत होते.

"अहो, तुम्ही भुताची मालिका बघता का?"

"मला कशाला मालिका पाहिजे? आमचा सुपरवायझर हाय की!"

मग संशय वळला दौंडकडे. तिथे रेल्वे कॉलनीत माझी नणंद गौतमीताई राहते. तिचा सुमित तेरा वर्षांचा. तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे माझ्या हिशेबी अर्धा हॅकर! त्याला व्हिडिओ कॉल केला.

"सुमित, माझ्या डोळ्यांत बघ. आमच्या टीव्हीचं कुलूप तू तोडलंस?"

"मामी, मी दौंडात हाय आन् टीव्ही न्हावऱ्यात!"

"त्याने काही फरक पडत नाही, हे मला माहितीये. हॉरर बघतोस का?"

"न्हाई ओ मामी," त्याने आवाज बारीक केला, "मला लई भ्या वाटतं. पण हे कुणाला सांगू नका."

मुलगा खरं बोलत होता. म्हणजे चोर बाहेरचा. शनिवारी मी केंद्रातून रजा घेऊन प्रांजलच्या पायात पाय अडकवून बसले.

रविवार उजाडला. दुपारी मॅच होती म्हणून गावात सामसूम. आबा, म्हणजे माझे सासरे बबनराव, सलूनमध्ये गेलेले. चार दिवसांवर जयंती. मिरवणुकीत निळा फेटा बांधून सगळ्यांत पुढे चालायचा मान आबांचा, आणि तो मान त्यांना मुख्यतः मिशीमुळे मिळालेला! आबा दौंडला रेल्वेत गेटमन होते. लोक म्हणत, फाटकाचा दांडा लोखंडी नाही, बबनरावांनी मिशी आडवी धरलीय. अशी ती मिशी. वर्षातून एकदा, जयंतीआधी, ती सलूनवाल्या म्हस्कूच्या हाताने कोरून घ्यायची.

मी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये खोल खोल उतरत होते. तिथे एक ओळ दिसली: 'तुमचं खातं सध्या या यंत्रांवर सुरू आहे.'

मी मोजलं. पाच!

एक आमचा टीव्ही. एक ह्यांचा मोबाईल. एक टीव्ही, दौंड. एक कुठलातरी मोबाईल. आणि एक टीव्ही, न्हावरे. दौंडच्या टीव्हीपुढे हिरवा ठिपका, आणि न्हावऱ्याच्या टीव्हीपुढेही: 'आत्ता पाहत आहे.'

आत्ता! याच गावात! कोणीतरी अनोळखी माणूस या क्षणी माझ्या लेकीच्या हत्तीशेजारी बसला होता! दाराला आतून कडी घातली. खिडकी लावली. आत्याबाई म्हणाल्या, "उकडतंय की गं!" मी म्हटलं, "आत्याबाई, कोणीतरी आत शिरलंय!" त्यांनी पलंगाखाली वाकून बघितलं.

खाली लाल बटण होतं: 'सर्व यंत्रांवरून बाहेर पडा.' मी डोळे मिटले, प्रांजलला कुशीत घेतलं आणि दाबलं!

मग चौकाच्या दिशेने असा गलका उठला, जणू पन्नास माणसांच्या पायावर एकदम दगड पडला.

पहिला फोन गौतमीताईचा. "वहिनी, तुमच्याकडं टीव्ही लागतोय का? आमच्याकडं बंद पडला बघा, शेवटची ओव्हर चाललीय, हे मला वरडायलेत!"

"ताई, आपल्या खात्यात चोर घुसला होता. मी सगळ्यांना हाकलून दिलं!"

"अगं बया! मग आम्हालाबी हाकललं व्हय?"

तेवढ्यात दार वाजलं. वाजलं म्हणजे बडवलं! मी पोळपाट उचलला.

"कोण आहे?"

"मी हाय! उघड!" आवाज आबांचा, पण टॉवेलातून आल्यासारखा. कडी काढली. दारात आबा, गळ्यात सलूनचं पांढरं कापड, तोंडावर टॉवेल. मागे म्हस्कू, हातात वस्तरा, चेहरा रडवेला. त्याच्या मागे आमचे हे, आणि हे माझ्याकडे बघत नव्हते.

आबांनी टॉवेल काढला.

डावीकडे मिशी होती. उजवीकडे नव्हती.

"वयनी, माझी काय चूक न्हाई!" म्हस्कू म्हणाला. "एक बॉल, चार रन! मी आबांची मिशी कोरतोय, एक डोळा टीव्हीवर, आन् टीव्ही एकदम काळा! वर अक्षरं, 'तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे.' आख्खं सलून वरडलं. माझा हात गेला सरकून!"

"पण तुमच्या सलूनच्या टीव्हीवर आमचं खातं कसं?"

म्हस्कूने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी छताकडे बघितलं.

"दिला मी पासवर्ड," हे छताला म्हणाले. "त्यो मला रविवारी रांगंत बसवत न्हाई. ताईला दिला, ती बहीण हाय. आन् एक कंपनीतल्या दोस्ताला. त्यो एकटा ऱ्हातो बिचारा."

"आरं, मिशीचं बोला!" आबा गरजले. "चार दिसांव जयंती! म्या काय अर्ध्या गावाला डावा गाल दावीत चालू व्हय?"

सगळे माझ्यावर तुटून पडले. मीच वेडी, मीच संशयी, मी मॅच घालवली, मी मिशी घालवली! मग माझाही तोल गेला.

"मिशी परत येईल!" मी ओरडले. "माझी पोरगी चार दिवस झाले झोपत नाहीये! कोणीतरी माझं कुलूप उघडून तिला भूत दाखवलंय, आणि तुम्हाला मॅचचं पडलंय? नंबर फक्त मला माहीत होता. फक्त मला!"

आबा हळूच म्हणाले, "कंचा नंबर हाय?"

"नाही सांगणार."

"एक चार शून्य चार का?"

मी पोळपाट खाली ठेवला.

"आबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? चौदा एप्रिल! माझ्या मोबाईलचा त्योच."

"माझ्या डब्याच्या लॉकरचा त्योच," हे म्हणाले. "सलूनातल्या टीव्हीनं आकडा इचारला, तवाबी मी त्योच दाबला."

"माझ्या बॅगेचाबी," फोनमधून गौतमीताई. फोन चालूच राहिला होता! मागून सुमित ओरडला, "माझ्या सायकलच्या साखळीचा पण!"

मला शेवंताबाई आठवल्या. मला केंद्रातले सगळे मोबाईल आठवले, जे लोक माझ्यापुढे बिनधास्त उघडतात, आणि मी सभ्यपणे मान वळवते. माझा बी. कॉम.चा किल्ला म्हणजे आमच्या वस्तीत दाराला लावलेला पडदा होता!

ह्या सगळ्यात एक बारीक आवाज आला. "मी उघडलं."

प्रांजल कपाटाला टेकून उभी होती.

"सकाळची शाळा करून मी घरीच होते. आजीला मालिका बघायची होती. तिला आकडे दाबता येत नाहीत. मी दाबले. मग आजी झोपली. मालिका संपली आणि आपोआप ती बाई लागली."

"मग बंद का नाही केलंस?"

"रिमोट आजीच्या पाठीखाली होता."

"टीव्हीचं बटण?"

"टीव्हीजवळ कशी जाऊ? ती तिथून बाहेर येत होती ना!"

आणि म्हणून माझी सात वर्षांची लेक उशीत तोंड खुपसून, एक डोळा उघडा ठेवून, सोमवारी एक आणि मंगळवारी दोन भाग बसली होती. शेजारी घोरणारी आजी. शंभर पावलांवर मी, लोकांना वयाचे दाखले देत. हत्तीच्या खात्यात 'पुढचं आपोआप लावू नये' असं मी आठवणीने टिक केलं होतं. मोठ्यांच्या खात्यात ते टिक करायचं मला सुचलंच नव्हतं. तिथे लहान मूल जाणारच नव्हतं ना!

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "माझ्याच डोळ्याला झापड आली गं पोरी. मला काय ठावं!"

"पण मला सांगायचं ना बाळा," मी म्हटलं. "मी विचारलं होतं तुला."

"भीती वाटली."

"त्या बाईची?"

प्रांजलने मान हलवली. या वेळी स्पष्ट आडवी.

"तुझी."

म्हस्कूने वस्तरा मिटला. बोराच्या बिया काढणारी, चपला झटकणारी ही आई! भुताच्या वरताण! मला रडूच फुटलं. ती आली आणि माझ्या गळ्यात पडली. माझ्या खांद्यावरून तिला आबा दिसले असावेत, कारण ती थरथरायला लागली. मला वाटलं, रडतेय. हसत होती! चार दिवसांत पहिल्यांदा!

"आबा, तुमची एकच मिशी!"

आबांनी आहे तेवढ्या मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "म्हस्कू, हीबी काढ. नात हसली, लई झालं."

जयंतीला आबा सगळ्यांत पुढे, निळा फेटा, तोंड तुळतुळीत. निम्म्या गावाला वाटलं बबनरावांनी या वर्षी धाकट्या भावाला पाठवलंय.

त्याच रविवारी मी नवा नंबर ठेवायला बसले होते. सहा डिसेंबर मनात आणला, तर प्रांजल बाजूला गुणगुणली, "शून्य सहा एक दोन." चौदा ऑक्टोबर, तर "एक चार एक शून्य." सव्वीस नोव्हेंबरला तर तिने शाळेत संविधानावर भाषण केलेलं! शेवटी मी आमच्या लग्नाची तारीख ठेवली. एकवीस मे. म्हटलं, ही तर ह्यांनाही आठवत नाही, म्हणजे जगातला सर्वांत सुरक्षित आकडा!

शिवाय ठरवलं की, लेकीच्या मनातली भीती घालवायची तर आधी आपण ती मालिका बघायची, आणि मग तिला समजावून सांगायचं की केस खोटे असतात, विहीर पुठ्ठ्याची असते. जयंती झाल्यावर एका दुपारी सुट्टी टाकून बसले. पहिला भाग बघितला. दुसरा बघितला. तिसऱ्यात ती सून विहिरीतून वर येते आणि मान तशीच मागे फिरवून... जाऊ दे. पाचव्या भागात मी टीव्हीची वायरच उपटली.

तेव्हापासून प्रांजल छान झोपते, पाय पसरून. परसात लंगडी घालत जाते. प्रश्न माझा आहे.

काल दिवेलागणीला मी बाथरूममध्ये, आणि ती दाराबाहेर.

"प्रांजल, आहेस ना?"

"आहे आई. सतराचा पाढा म्हणू?"

"म्हण. मोठ्याने म्हण!"

"सतरा एके सतरा... आई, तू उगाच भितेस. शेवटी ती बाई चांगली निघते. तिच्या बाळाला शोधत असते ती."

मी हातातला पाण्याचा मग खाली ठेवला.

"तुला शेवट कसा माहीत?"

"मी आणि आजीने आज बघितला. तू अर्धवट सोडलंस ना, म्हणून तुला सांगायला! आजी जागी होती, तिने माझा हात धरला होता. आणि बघ, मी तुला लगेच सांगितलं!"

"पण नंबर?"

"मी दूध कशात पिते?"

कशात म्हणजे? स्टीलच्या पेल्यात! माझ्या लग्नातला पेला. इनामगावच्या मामांनी दिलेला. त्यावर नाव घातलेलं आहे: 'चि. नवनाथ व दीक्षा यांच्या मंगल परिणयानिमित्त सप्रेम भेट, दि. २१-५-१६'. तसंच घरातल्या पातेल्यांवर, परातीवर, डब्यांवर, आणि आत्ता खाली ठेवलेल्या त्या स्टीलच्या मगावरसुद्धा!

मी ओरडणारच होते, अगदी तोंड उघडलं होतं. पण बाहेर अंधार पडत होता, गोठ्यात काहीतरी खुडबुडलं, आणि सोबतीला तेवढी एकटी तीच होती!

म्हटलं, "शाब्बास बाळा, सांगितलंस ते बरं केलंस. सतरा दुणे किती?"